लढाईत गेलेल्यांची तिथी

गेल्या श्रावणात पाटोदा तालुक्यातील एका गावी अखंड हरिनाम सप्ताहात आमचे कीर्तन होते. कीर्तन आटोपले, आरती झाली, मंडळी पांगली, आणि आम्ही फेटा उतरवून देवळाच्या ओट्यावर जरा टेकलो, तोच ऐंशीच्या घरातील एक माउली काठी टेकीत जवळ आल्या. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का. त्या पाया पडल्या, आम्हीही त्यांच्या पाया पडलो. वारकऱ्यांत ती रीतच आहे. मग त्या म्हणाल्या, "म्हाराज, पितरांचा पंधरवडा आला. आमच्या घरात एक कोडं हाय, तीन पिढ्या झाल्या तरी सुटंना. तुम्ही शास्त्र शिकलेले, तुम्हीच सांगा."

कोडे असे. माउलींचे माहेर जामखेडकडचे. त्यांच्या वडिलांचे वडील पहिल्या महायुद्धात पलटणीत भरती होऊन 'बसऱ्याला' गेले, ते परत आले नाहीत. १९१८ साली मानमोडीच्या साथीत आजी गेली. तोवर नवऱ्याची काहीच खबर नव्हती, म्हणून ती कपाळी कुंकू घेऊनच गेली. पुढे वर्षाने शेजारच्या गावचा एक शिपाई जिवंत परतला. त्याने सांगितले की, वेढ्यात दाणागोटा संपला, मग तुर्कांनी धरून नेले, वाळवंटातून चालवले, आणि त्या चालीत तुमचा माणूस कुठेतरी पडला. वार नाही, तिथी नाही. मागे उरले तीन-चार वर्षांचे एक पोर. तेच या माउलींचे वडील.

"आता भावाचा पोरगा पितरं घालतो," त्या म्हणाल्या. "एक गुरुजी म्हनले, लढाईत गेला, घातचतुर्दशीला घाला. दुसरे म्हनले, हत्यारानं कुठं मेला, भुकंनं मेला, आमुशाला घाला. आजीचं अविधवा नवमीला करतो, पर ती गेली तवा सवाष्ण व्हती का नव्हती, कुनाला ठावं? आन् आता भावाच्या नातवाला बी पलटणीत जायाचंय. पहाटं उठून सडकंनं पळतोय. त्याला जाऊ द्यावं का नगं?"

आम्ही म्हटले, "माउली, सकाळी सांगतो." त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी जे चार शब्द बोललो, त्यांचाच विस्तार येथे करीत आहोत. कारण हे कोडे एका घराचे नाही.

वाचक सज्जनहो, शास्त्राने पितृपक्षात तिथी वेगवेगळ्या का सांगितल्या? ज्याला जशी गती आली, तसे त्याचे स्मरण व्हावे म्हणून. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्याला चतुर्दशी, पतीच्या आधी गेलेल्या सौभाग्यवतीला नवमी, जिची तिथीच माहीत नाही त्या जिवाला अमावस्या. म्हणजे पान वाढण्यापूर्वी यजमानाला विचारावे लागते की, हा जीव कशाने गेला? कारण शोधल्यावाचून श्राद्धसुद्धा घडत नाही. मग त्या आजोबांना कशाने मारले ते पाहू.

१९१४ च्या नोव्हेंबरात हिंदुस्थानातून गेलेल्या फौजेने बसरा घेतला. बसऱ्याच्या लोकांशी जामखेडच्या शेतकऱ्याचे काय वैर होते? इंग्रजांचे आरमार कोळशावरून खनिज तेलावर येत होते. इराणात अबादान येथे तेलाचा कारखाना होता आणि १९१४ सालीच इंग्रज सरकारने त्या कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग घेतले होते. ते तेल राखण्यासाठी बसरा पाहिजे. बसरा मिळाल्यावर थांबता आले असते. पण जय मिळाला की मनुष्याला आणखी जय पाहिजे होतो. बसऱ्यापुढे बगदाद दिसू लागले. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे तुर्कांनी ही फौज अडवली, आणि ती मागे हटत कुट या गावी येऊन वेढ्यात सापडली.

ही फौज म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. धान्य सरले तेव्हा घोड्याचे मांस खाण्यास सांगण्यात आले. पुष्कळ हिंदी शिपायांनी धर्मासाठी ते कित्येक आठवडे नाकारले आणि ते उपाशी राहिले. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजांची हजारो माणसे मेली, तरी वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. त्यांत बंदूकवाले होते, तसे ओझी वाहणारे आणि स्वयंपाकीही होते. मग वाळवंटातून पायी चाल, पुढे रेल्वेच्या रस्त्याचे काम. त्या कैदेत हजारो माणसे भुकेने, तहानेने, हगवणीने गेली.

आता सांगा, तो शिपाई शस्त्राने मेला की भुकेने? वेढा घालणारा जेव्हा धान्य अडवतो, तेव्हा भूक हेच त्याचे शस्त्र असते. आणि असे वेढे तुर्कांनीच घातले असे नाही. त्याच युद्धात इंग्रज आरमाराने जर्मनीची धान्याची वाट अडवली होती, आणि तेथल्या लेकरांनीही उपास काढले. शस्त्र म्हणजे केवळ लोखंड, ही समजूत आधी टाकली पाहिजे.

आजीकडे येऊ. १९१८ च्या जूनमध्ये लढाईच्या जहाजांबरोबर इन्फ्लुएंझाचा ताप मुंबई बंदरात उतरला. बंदरातून आगगाडीत, आगगाडीतून बाजारात, बाजारातून खेड्यात. त्यालाच आपल्या लोकांनी मानमोडी म्हटले. पहिली लाट सौम्य होती. दुसरी नवरात्र-दिवाळीच्या सुमारास आली, ती मात्र घरेच्या घरे झाडून घेऊन गेली. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता, म्हणजे पोटात अन्न नाही आणि अंगात ताप. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली आणि त्यांतली सुमारे ७४ हजार मेली. मानमोडीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. रणांगणावर न गेलेल्या, तोफेचा आवाजही न ऐकलेल्या माणसांची ही संख्या आहे. आजार लढाईने निर्माण केला नाही, हे खरे. पण जहाजांत, छावण्यांत आणि आगगाड्यांत माणसे कोंबून तो जगभर पोचवला लढाईनेच. लढाईचा हिशेब शिपायांच्या मुडद्यांवर संपत नाही, हे या दोन आकड्यांनी कळावे.

येथपर्यंत कारण शोधीत आलो, तर आणखी एक पायरी उतरू. ही लढाई मुळात लागली कशाने? शाळेच्या पुस्तकात उत्तर एका ओळीचे असते: २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो शहरात एका तरुणाने ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी घातली, म्हणून. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. आमच्या पाठशाळेत तर्क शिकताना पहिल्याच दिवसांत घटाचा दृष्टान्त येतो. घटाला माती हे उपादानकारण. कुंभार, चाक, दांडा ही निमित्तकारणे. माती नसेल तर कुंभाराने चाक कितीही फिरवले तरी घट होत नाही.

आपल्या भागातल्या मंडळींना हे कापसाच्या दृष्टान्ताने अधिक पटेल. १४ एप्रिल १९४४ रोजी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटक द्रव्ये होती आणि त्याच जहाजावर कराचीहून हजारो कापसाच्या गाठी चढवल्या होत्या. दुपारी कापसाला आग लागली. चारच्या सुमारास जहाज फुटले, थोड्या वेळाने पुन्हा फुटले. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. आग विझवता विझवता बंबाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिल हा अग्निशमन दिन आपण त्यांच्यासाठीच पाळतो. आपल्याकडे ज्याने कधी कापूस घरात साठवला आहे त्याला विचारा, तो पहिल्याने काय म्हणेल? ठिणगी कुठून आली हे तो मागाहून विचारील. आधी विचारील की, कापूस आणि दारू एका पोटात भरली कोणी?

१९१४ च्या युरोपात हीच भरणी झाली होती. एका बाजूला जर्मनी व ऑस्ट्रिया, दुसऱ्या बाजूला फ्रान्स, रशिया व इंग्लंड, असे गट बांधून बसले होते. एकाला धक्का लागला की सगळ्यांनी उठायचे. इंग्रजाने एक जहाज बांधले की जर्मनाने दुसरे बांधायचे. आफ्रिका आणि आशियातले मुलूख, बाजार, कच्चा माल कोणी खायचा याची चढाओढ होती. १८७१ साली जर्मनीने फ्रान्सचे दोन प्रांत घेतले होते, तो सल फ्रान्सने चाळीस वर्षे जपला होता. वर्तमानपत्रे रोज फुंकर घालीत होती. म्हणून साराजेव्होची एक गोळी सुटल्यापासून ३७ दिवसांत इंग्लंडसुद्धा युद्धात उतरले, आणि इंग्लंड उतरले म्हणून कोणीही न विचारता हिंदुस्थान उतरला. १९३९ सालीही व्हाइसरॉयने आपल्या पुढाऱ्यांना न विचारताच हिंदुस्थान युद्धात आहे असे जाहीर केले.

आणि आपण त्यातून अगदी मोकळे होतो असे नाही. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. निजामाने इंग्रजांना युद्धासाठी मोठमोठ्या रकमा दिल्या आणि १९१८ साली त्याला नवा मोठा किताब मिळाला. तो पैसा खजिन्यातला, आणि खजिन्यात इथल्या कोरडवाहू रानाचा शेतसाराही होता. ज्याने तो भरला त्याला बसरा कुठे आहे हेही ठाऊक नव्हते.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो. कोणी म्हणेल, "महाराज, हे कलियुग आहे. काळाचा महिमा. ज्याचे त्याचे प्रारब्ध." आमच्याच व्यासपीठांवरून हे पुष्कळदा सांगितले जाते, आम्हीही तरुणपणी सांगितले आहे, हे लपवीत नाही. पण ते चुकले. प्रारब्ध हा शब्द आपले दुःख आपण सोसताना धीर मिळावा म्हणून आहे. दुसऱ्यावर लोटलेल्या दुःखाची जबाबदारी झटकण्यासाठी तो वापरला, तर शास्त्राचा अपमान होतो. ती आजी तापात कण्हत होती तेव्हा तिने "माझे प्रारब्ध" म्हटले असेल, तर ते भक्तीचे बोलणे. तिच्या नवऱ्याला तेलासाठी धाडणाऱ्याने तेच म्हटले, तर ती पळवाट.

दुसरा म्हणेल, "मग दोष शिपायाचा. त्याने बंदूक उचललीच का?" त्याला एक सत्यकथा सांगतो. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदी ओलांडताना मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांचे साथीदार शत्रूच्या गोळीबाराखाली पडले. हे जाधव आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमजचे. त्यांनी एका जखमी सोबत्याला उचलून खोल पाण्यातून, निसरड्या काठावरून, सुरुंग पेरलेल्या जमिनीतून सुखरूप पोचवले. मग परत जाऊन दुसऱ्यालाही आणले. आणि त्यानंतर एकट्याने शत्रूची मशीनगनची ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच एका दिवशी, त्याच दोन हातांनी दोघांना वाचवले आणि कित्येकांना मारले. अशा माणसाला पापी म्हणायला आमची जीभ वळत नाही, आणि त्या ठाण्यांत मेलेल्यांची मुले पोरकी झाली हेही विसरवत नाही. शिपायाच्या हाती शौर्य असते. युद्ध कशासाठी, हे ठरवणे त्याच्या हाती नसते. ते ज्यांच्या हाती असते, त्यांना आणि त्यांना डोक्यावर घेऊन नाचणाऱ्या आपल्यालाच विचारले पाहिजे.

म्हणजे ठिणगी टाकणारा सुटला का? नाही. निमित्तकारण हेही कारणच आहे. ज्याने गोळी झाडली त्याचे पाप त्याच्या पदरी, आणि हिटलरने जे केले त्याला तर उपमा नाही. परंतु ठिणगीवाल्याला फासावर देऊन कापूस तसाच ठेवला, तर पुढचा ठिणगीवाला जन्माला येतोच. याचा पुरावा त्याच युरोपात आहे. १९१८ साली ११ नोव्हेंबरला फ्रान्समधील एका रानात उभ्या असलेल्या रेल्वेच्या डब्यात जर्मनीकडून युद्धबंदीवर सही घेतली गेली. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायचा तह झाला. सगळा दोष जर्मनीचा असे त्याच्याकडून लिहून घेतले, आणि १९२१ साली १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई ठरली. १९२३ साली जर्मनीत नोटांची रद्दी झाली, पुढे मंदीत साठ लाखांवर माणसे बेकार झाली. अपमान आणि भूक यांचा तो कापूस; १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. आणि १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला, तेव्हा हिटलरने तोच रेल्वेचा डबा संग्रहालयातून काढून त्याच रानात, त्याच जागी उभा करवला आणि त्यात फ्रान्सकडून सही घेतली. सूड म्हणजे काय, याची याहून स्पष्ट खूण आम्हाला इतिहासात सापडत नाही. त्या दुसऱ्या युद्धात सहा कोटींहून अधिक माणसे गेली, त्यांत बहुतेक निःशस्त्र. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात मेलेले लाखो त्याच हिशेबात धरावेत, आणि हिरोशिमा-नागासाकीची लेकरेही.

मग साखळी तुटली कशी? अपराध्यांवर न्यायालयात खटले चालले, शिक्षा झाल्या. पण पराभूत देशाला या वेळी उपाशी ठेवले नाही, उभे राहायला मदत केली. आणि १८ एप्रिल १९५१ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी व आणखी चार देशांनी करार करून आपला कोळसा आणि पोलाद एका सामाईक मंडळाच्या ताब्यात दिले. ज्या पोलादाच्या तोफा व्हायच्या, तेच सामाईक केले. सत्तर वर्षांत तीन युद्धे लढलेले ते दोन शेजारी त्यानंतर एकमेकांवर चालून गेलेले नाहीत. माउलींनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्या ठिकाणचा दुष्टपणा जावा असे मागितले. आम्ही हे आयुष्यभर कीर्तनाच्या शेवटी म्हणत आलो आणि तो भाबडेपणा नव्हे ना, अशी शंकाही कधी कधी मनात आली. त्या कोळशा-पोलादाच्या कराराने ती शंका फेडली. दुष्टपणा घालवण्याला गोड बोलणे पुरत नाही, व्यवस्था लागते. पण तो घालवता येतो.

आता माउलींना सकाळी दिलेले उत्तर. आम्ही म्हटले, "आजोबांचे पान चतुर्दशीला वाढा. भुकेने मारणे हे शस्त्रानेच मारणे आहे. आजीची नवमी मोडू नका. तिचा धनी कधी गेला हे जगात कोणालाच ठाऊक नाही, तेव्हा तिचे कुंकू पुसण्याचा अधिकार कोणालाच नाही. आणि सर्वपित्री अमावस्येला तर्पण करताना आजोबांचे नाव मोठ्याने घ्या." नाव घ्या असे का म्हटले, तेही सांगतो. बसऱ्यात त्या युद्धात मेलेल्या चाळीस हजारांवर माणसांचे स्मारक उभारले गेले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी साध्या शिपायांची मात्र पलटणवार संख्या लिहिली. आपला संप्रदाय नामाचा. ज्याचे नाव दगडावरही लिहिले गेले नाही, त्याचे नाव निदान घरातल्या पाण्याबरोबर उच्चारले जावे.

मग आम्ही म्हटले, "माउली, तर्पणात एक ओंजळ अशांसाठीही असते की ज्यांना पाणी देणारे कोणी उरले नाही, आपले असोत वा परके. ती ओंजळ सोडताना त्या तुर्काचीही आठवण ठेवा." महाभारतात युद्ध संपल्यावर पांडव गंगेवर तर्पणाला उतरले, तेव्हा कुंतीने सांगितले की, कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. बाण सोडताना जो शत्रू होता तो पाणी सोडताना भाऊ निघाला. ते आधी कळले असते तर, हाच त्या ग्रंथाचा सल आहे. माउली क्षणभर थांबून म्हणाल्या, "त्याची बी वाट कुनी पाहिली असंल की."

पोराबद्दल आम्ही सांगितले, "जाऊ द्या. सीमेवर कोणीतरी उभे राहतो म्हणून आपण येथे टाळ वाजवतो. मात्र त्याला आजोबांची हकीकत सांगून पाठवा." आणि जे घरीच राहतात, त्यांच्यासाठी हा लेख. मोबाइलवर बाँब पडताना पाहून टाळ्या पिटणे, पारावर बसून दुसऱ्याच्या लेकराला लढायला सांगणे, शेजारच्या वस्तीबद्दल ऐकीव विष पुढे धाडणे, हा सगळा कापूस आहे. रोज थोडा थोडा भरला जातो, म्हणून दिसत नाही. हरिनाम घेणाऱ्याने निदान आपल्या घरातला तेवढा बाहेर काढावा, आणि येत्या पितृपक्षात, ज्यांच्या घरातून कोणी लढाईवर गेले व परतले नाही, त्यांनी त्यांचे नाव लेकरांना सांगावे.

रामकृष्णहरी.